वळवाच्या पावसात दरवर्षी जळणारी लिफ्टची कार्डे आणि कॅमेरे: दोष कुठे आणि कसा शोधावा

एप्रिलच्या मध्यापासून पुण्यात दुपारी तीन-चारनंतर ढग दाटू लागले, की ठरावीक सोसायट्यांमधून ठरावीक तक्रारी येऊ लागतात. लिफ्ट बंद पडली, कंट्रोलरचे कार्ड गेले, गेटवरचे कॅमेरे काळे झाले, इंटरकॉम मुका झाला, ब्रॉडबँडचा स्विच तापून वास येतो आहे. जून-जुलैतल्या संततधार पावसात या तक्रारी जवळजवळ थांबतात आणि सप्टेंबरअखेरीस हस्ताचा हत्ती गडगडू लागला, की पुन्हा सुरू होतात. हा क्रम पाहूनच कारण पाण्यात नसून आकाशातल्या विजेत आहे, असा कोणाचाही समज होतो आणि तो बहुतांशी बरोबर असतो. मात्र 'वीज पडली, आता काय करणार' असे म्हणून विषय तिथेच सोडला जातो आणि पुढच्या वर्षी तीच कार्डे पुन्हा विकत घेतली जातात.

धायरीच्या बाजूला डोंगरउतारावर असलेल्या एका सोसायटीचे उदाहरण समोर ठेवून मी येथे दोष शोधण्याची पद्धत मांडतो. सात मजल्यांच्या चार इमारती, प्रत्येकीवर लिफ्टची मशीन रूम, उताराच्या तळाशी मीटर रूम आणि तेथून सुमारे ऐंशी मीटरवर वॉचमनची केबिन अशी तेथील मांडणी आहे. तीन वर्षांत लिफ्टची पाच कार्डे आणि दोन डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) गेले. कॅमेऱ्यांची मोजणी तर समितीने सोडूनच दिली होती. या काळात उपाय झालेच नव्हते, असेही नाही. गच्चीवर नवा तडितरक्षक बसवला होता, मीटर रूममध्ये सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची क्षणिक लाट अर्थकडे वळवणारे उपकरण) लावला होता, लिफ्टच्या कार्डांसाठी केमिकल अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा घेतला होता आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी ओहमचा, म्हणजे जमिनीत उतरताना प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा, आकडा लिहिलेली पाटीही रोवली होती. चेअरमनसाहेबांचा प्रश्न रास्त होता: 'अर्थिंग दीड ओहमच्या आत आहे, मग कार्ड जळते कसे?'

या प्रश्नाच्या उत्तरातच सगळा दोष दडलेला आहे. मात्र तेथे पोहोचण्याआधी एक चाळणी लावणे आवश्यक असते.

आधी खात्री करा, की ते विजेनेच जळले

वळवाबरोबर वारा येतो, वाऱ्याने गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या फांद्या तारांवर पडतात आणि खांबावरचा किंवा फीडर पिलरमधला (रस्त्याकडेच्या वितरण पेटीतला) सैल न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची तार, सुटतो. न्यूट्रल सुटला, की तीन फेजवरच्या घरांमध्ये भार जसा असेल तसा व्होल्टेज वाटला जातो. कोणाकडे दिवे मिणमिणतात, तर कोणाकडे २३० च्या जागी साडेतीनशे-पावणेचारशे व्होल्ट जातात. गडगडाट चालू असताना हे घडले, तर दोष विजेच्या माथी मारला जातो. त्यामुळे पंचनामा करताना पहिला प्रश्न 'काय जळले' हा नसून 'त्या उपकरणातले नेमके काय जळले' हा असतो.

न्यूट्रल गेल्यावर उपकरणाचा वीजपुरवठ्याचा भाग मरतो. अडॅप्टरमधले कपॅसिटर फुगतात, फ्यूजजवळची व्हॅरिस्टरची (जादा व्होल्टेज शोषणाऱ्या घटकाची) गोल चकती काळी पडते, एकाच फेजवरच्या पाच-सहा घरांत टीव्ही, राउटर आणि एलईडी दिवे एकदम जातात. विजेच्या लाटेची खूण वेगळी असते. बऱ्याचदा उपकरणाचा पॉवर सप्लाय ठणठणीत असतो आणि त्याचे पोर्ट मेलेले असते: नेटवर्कचे पोर्ट, इंटरकॉमच्या जोडतारेचे टोक, लिफ्टच्या केबिनकडे जाणाऱ्या संदेशवाहक तारांची आयसी. शिवाय एका लांब केबलच्या दोन्ही टोकांची उपकरणे एकाच वेळी जातात. आमच्या सोसायटीत (आता मी तिला आमचीच म्हणू लागलो आहे) पाचपैकी चार कार्डांवर पॉवर सप्लाय शाबूत होता आणि संदेशवहनाची आयसी फुटलेली होती. पाचव्या कार्डाचा मात्र पॉवर सप्लायच जळालेला होता. त्याच संध्याकाळी त्या इमारतीतल्या दोन घरांतील फ्रीजही गेले होते. तो न्यूट्रलचा प्रकार होता, मीटर रूममधला एक लग (तारेच्या टोकाचा जोड) सैल सापडला आणि ते प्रकरण अर्ध्या तासात मिटले.

दुसरी चाळणी वेळेची. प्रत्येक घटनेची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ वॉचमनच्या वहीत लिहिली गेलीच पाहिजे. डीव्हीआरमधले चित्रण कोणत्या क्षणी तुटले, हे हार्ड डिस्कवरून कळते. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आसपास नुकत्याच पडलेल्या विजा नकाशावर दाखवते. गडगडाट सुरू होताच सेक्रेटरीने त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवण्याची सवय लावून घेतली आणि दोन महिन्यांत एक गोष्ट स्पष्ट झाली. नुकसान झाले, त्या दिवशी इमारतीवर वीज पडलीच होती असे नाही. दोनदा तर ती टेकडीच्या पलीकडे पडलेली होती. जवळपास पडलेल्या विजेमुळेही जमिनीतले विभव (व्होल्टेजची पातळी) वाढते आणि लांब तारांमध्ये व्होल्टेज प्रेरित होतो, ही गोष्ट तडितरक्षक विकणारे सहसा सांगत नाहीत.

अर्थिंगचा आकडा आणि त्याचे फसवेपण

आता चेअरमनसाहेबांच्या प्रश्नाकडे येऊ. पाटीवर लिहिलेला १.४ ओहम हा आकडा ऑगस्टमधला होता. सिंहगड रस्त्याच्या बाजूची ही जमीन म्हणजे वर फूटभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. ऑगस्टमध्ये मुरूम पाणी धरून असतो, त्यामुळे रीडिंग सुंदर येते. नदीकाठच्या काळ्या मातीची गत उन्हाळ्यात याहून विचित्र होते. ती आकसून भेगाळते आणि इलेक्ट्रोडभोवती चक्क फट पडते. म्हणूनच भूसंपर्काचा रोध कोरड्या ऋतूतील कोरड्या दिवशी मोजावा, असे विद्युत सुरक्षेच्या नियमांत पूर्वीपासून सांगितलेले आहे. वळीव येतो, तो नेमका जमीन सर्वांत कोरडी असतानाच. आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी मोजणी केली, तेव्हा मुख्य खड्डा ६.८ ओहम, तडितरक्षकाचा खड्डा ९ ओहम आणि कार्डांसाठी घेतलेला केमिकल खड्डा ३ ओहम अशी रीडिंग आली.

मोजणीच्या साधनाविषयी थोडे सांगणे भाग आहे. पट्टीभोवती अडकवायचा क्लॅम्पसारखा अर्थ टेस्टर सोयीचा असतो, परंतु खड्डे एकमेकांना धातूच्या पट्टीने जोडलेले असून त्यांचे वर्तुळ पूर्ण होत असेल, तर तो जमिनीचा रोध न दाखवता त्या धातूच्या वर्तुळाचा रोध दाखवतो आणि ०.३ ओहम पाहून सगळे खूश होतात. दोन खुंट्या ठोकून करायची जुनी पद्धत वेळखाऊ असली, तरी खरी आहे. मुरमात खुंटी रोवताना घाम निघतो, खुंटीच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओतावे लागते, एवढेच. मोजणीसाठी तडितरक्षकाची टेस्ट लिंक (पट्टी आणि खड्डा यांच्यातला सोडता येणारा जोड) सोडायची असेल, तर आकाश निरभ्र असलेल्या सकाळीच सोडावी आणि मोजून होताच जोडावी.

तरीसुद्धा खरा दोष ९ ओहममध्ये नव्हता. समजा, गच्चीवर ३० किलोअँपिअरची वीज पडली. हा काही टोकाचा आकडा नव्हे. आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात सर्वांत कडक संरक्षणपातळीसाठी २०० किलोअँपिअर धरलेले आहेत. त्या ३० पैकी एकतृतीयांश प्रवाह जरी या खड्ड्यातून जमिनीत उतरला, तरी १० किलोअँपिअर गुणिले ९ ओहम, म्हणजे ९० हजार व्होल्ट झाले. तडितरक्षकाची पट्टी क्षणभर ९० हजारांवर आणि तिच्यापासून हातभर अंतरावरचा लिफ्टचा कंट्रोलर, जो दुसऱ्या खड्ड्याला जोडलेला आहे, तो जवळपास शून्यावर. मधली हवा, भिंत, रेलिंग, केबलचे आवरण यांपैकी जे सर्वांत कमकुवत असेल, ते फुटते. आता हाच खड्डा भरपूर खर्च करून १ ओहमवर आणला, असे धरू. तरीही १० हजार व्होल्ट उरतातच, तर कार्डावरच्या संदेशवाहक आयसीला काही शे व्होल्टही पुरतात. प्रत्यक्षात विजेच्या वेगवान लाटेला पट्टीचा आणि जमिनीचा जो विरोध होतो, तो अर्थ टेस्टरच्या आकड्याइतकाच असतो असेही नाही, पण मुद्द्याची दिशा त्याने बदलत नाही. ओहम कमी करत जाणे हा या दुखण्यावरचा उपाय नाही. त्याच मानकात खड्ड्याचा रोध शक्यतो १० ओहमपेक्षा कमी असावा, एवढीच शिफारस आहे. इमारतीला एकच एकसंध भूसंपर्क यंत्रणा असावी, यावर मात्र त्याचा भर आहे.

आमच्याकडची कसोटीची मोजणी म्हणून वेगळीच ठरली. कमी रोध मोजणाऱ्या मीटरने आम्ही तडितरक्षकाची पट्टी आणि मीटर रूममधला मुख्य अर्थ बस (सगळ्या अर्थतारा जोडायची धातूची पट्टी) यांच्यामधला रोध मोजला. तो ओहमच्या काही दशांशांत यायला हवा होता, आला साडेपंधरा. म्हणजे जवळपास नऊ अधिक ६.८. ही दोन्ही टोके धातूने कुठेच जोडलेली नव्हती, त्यांची गाठ फक्त जमिनीतून पडत होती. केमिकल खड्ड्याचीही तीच कथा. एका इमारतीत तीन वेगवेगळ्या 'शून्य' पातळ्या होत्या आणि लिफ्टची एक तार एका शून्यावरून निघून दुसऱ्या शून्यावर पोहोचत होती.

'इलेक्ट्रॉनिक्सला स्वच्छ, वेगळे अर्थिंग हवे' हा समज आपल्याकडे इतका पक्का रुजलेला आहे, की कोटेशनमध्ये वेगळा खड्डा नसेल, तर ग्राहकालाच चुकल्यासारखे वाटते. वेगळा खड्डा घेण्यात वावगे काहीच नाही. खड्डे कितीही घ्या, मात्र ते सगळे एकमेकांना बांधलेले असले पाहिजेत. नदीला पूर आला, म्हणून होडीतली माणसे बुडत नाहीत, कारण होडीबरोबर सगळी एकत्र वर जातात. एक पाय होडीत आणि दुसरा घाटाच्या पायरीवर ठेवणारा मात्र पाण्यात पडतो. आमच्या लिफ्टचे कार्ड ते दोन्ही पाय ठेवून उभे होते.

बांधणी

काम तसे लोहारकीचे आहे. चारही इमारतींभोवती २५ × ६ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी सुमारे अर्धा मीटर खोल गाडून वर्तुळ पूर्ण केले आणि तडितरक्षकाच्या उतरत्या पट्ट्या, मुख्य खड्डे, केमिकल खड्डा, जनरेटरचे खड्डे, पाण्याच्या लोखंडी पाइपलाइन आणि लिफ्टच्या गाइड रेल (केबिन ज्यांवरून सरकते ते रूळ) हे सर्व तिला जोडले. वेल्डिंगच्या जागी डांबरी लेप दिला, कारण मुरमात सांधे आधी कुजतात आणि ते कुजल्याचे वरून दिसत नाही. मीटर रूममध्ये तांब्याचा एकच मुख्य अर्थ बस ठेवला. इमारतीत शिरणारी प्रत्येक धातूची वस्तू तिथे येऊन भेटते. त्यानंतर मोजलेला तडितरक्षक ते मुख्य बस हा रोध ०.१ ओहमच्या आसपास आला.

रहिवाशांच्या सभेत या कामाला विरोध झाला आणि तो अडाणीपणाचा नव्हता. एका काकांनी विचारले, की तडितरक्षकाची पट्टी घरातल्या अर्थिंगला जोडली, तर वीज थेट घरात नाही का येणार? उत्तर असे, की वीज घरात शिरते ती दोन ठिकाणांमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे. घरातले अर्थिंग, पाइप, पोलाद हे सर्व पट्टीसोबतच वर गेले, तर फरक उरत नाही. मात्र एक गोष्ट तरीही बाहेरच राहते: महावितरणकडून येणाऱ्या फेज आणि न्यूट्रलच्या तारा. त्या दूरच्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगला बांधलेल्या असतात आणि त्यांना अर्थ बसला थेट जोडता येत नाही. त्या क्षणापुरते त्यांना बांधून ठेवणे, हेच सर्ज प्रोटेक्टरचे काम. बांधणी नसेल, तर सर्ज प्रोटेक्टर कितीही महागडा लावला तरी तो तारांना कोणत्या शून्याशी बांधतो आहे, हा प्रश्न उरतोच.

सर्ज प्रोटेक्टर लावलेला होता, तरीही

मीटर रूममधला जुना सर्ज प्रोटेक्टर उघडून पाहिला, तेव्हा तीन चुका सापडल्या. पहिली तारेच्या लांबीची. बसबारपासून प्रोटेक्टरपर्यंत दीड मीटर आणि तेथून अर्थपर्यंत दीड मीटर तार, तीही व्यवस्थित दिसावी म्हणून गुंडाळी करून बांधलेली. सरळ तारेचे प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री असते. ८/२० मायक्रोसेकंदांची (८ मध्ये शिखर गाठून २० व्या मायक्रोसेकंदाला निम्मी होणारी) १० किलोअँपिअरची लाट आली, तर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला सव्वा किलोअँपिअरने वाढतो, म्हणजे तारेच्या दर मीटरवर सव्वा हजार व्होल्ट. तीन मीटरचे पावणेचार हजार झाले आणि प्रोटेक्टरचे स्वतःचे दीड हजार त्यात मिळवले, तर ढोबळमानाने सव्वापाच हजार व्होल्ट उपकरणांच्या वाट्याला येतात. घरगुती उपकरणांची सहनशक्ती अडीच हजार व्होल्टची धरलेली असते. म्हणजे प्रोटेक्टरने आपले काम चोख केले आणि तारेने ते घालवले. दोन्ही बाजूंची तार मिळून अर्धा मीटरच्या आत असावी, हा नियम आहे. जागा अपुरी असेल, तर मुख्य केबलच प्रोटेक्टरच्या टर्मिनलवरून वळवून पुढे न्यावी, म्हणजे वरच्या बाजूची लांबी जवळपास शून्य होते.

दुसरी चूक प्रकाराची. बाहेरून तडितरक्षक असलेल्या इमारतीत मुख्य पॅनलला टाइप १ लागतो, जो १०/३५० मायक्रोसेकंदांच्या लांब लाटेवर तपासलेला असतो. तेथे फक्त टाइप २ बसवलेला होता. १०/३५० लाटेत ऊर्जा कितीतरी पट जास्त असते, त्यामुळे दोन्हींवर '४० किलोअँपिअर' लिहिलेले असले, तरी ते आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आता मुख्य पॅनलला टाइप १ आणि प्रत्येक मशीन रूममध्ये टाइप २ आहे. मशीन रूममधला आवश्यकच होता, कारण प्रोटेक्टर आणि उपकरण यांच्यात दहा मीटरपेक्षा अधिक केबल असेल, तर लाट टोकाला आपटून परतते आणि तेथे व्होल्टेज दुपटीपर्यंत वाढू शकतो. टाइप १ साठी १६ आणि टाइप २ साठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार ही किमान मर्यादा. कोपऱ्यात उरलेली अडीचची वायर वापरण्याचा मोह वायरमनला होतो, त्याकडे लक्ष ठेवावे.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा दुर्लक्ष म्हणावे अशी. प्रोटेक्टरवरची छोटी खिडकी लाल झालेली होती आणि ती किती महिने लाल होती, ते कोणालाच ठाऊक नव्हते. बहुधा तो आधीच्याच न्यूट्रल प्रकरणात मेला असावा. २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर सतत साडेतीनशे व्होल्टखाली राहिला, तर तो तग धरत नाही. जेथे न्यूट्रल सैल होण्याचा इतिहास आहे, तेथे मी ३२० व्होल्टचा घेतो आणि त्याच्या मागे योग्य फ्यूज ठेवतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये तीन व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये व्हॅरिस्टरऐवजी एक वायूनळी, अशी तीन अधिक एक जोडणी आपल्याकडच्या परिस्थितीला अधिक मानवते, कारण बहुतेक ठिकाणी ग्राहकाचे अर्थिंग आणि रोहित्राचे अर्थिंग यांची गाठ जमिनीतूनच पडलेली असते.

याच ओघात आणखी एका तक्रारीचा निकाल लागतो. गडगडाट झाला, की आरसीसीबी (गळतीचा प्रवाह दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि रात्रभर पाण्याचा पंप बंद राहतो, असे पुष्कळ ठिकाणी होते. प्रोटेक्टर आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे भाराच्या बाजूला लावलेला असेल, तर लाट जमिनीत जाताना आरसीसीबीतूनच जाते आणि तो आपले कर्तव्य समजून पडतो. प्रोटेक्टर त्याच्या आधी घ्यावा आणि मुख्य पॅनलला विलंबाचा एस प्रकारचा आरसीसीबी वापरावा. तो ८/२० च्या ३ किलोअँपिअर लाटेपर्यंत न पडण्यासाठी तपासलेला असतो. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो वगळून थेट जोडणी करून ठेवलेली मी तीन ठिकाणी पाहिली आहे. त्यावर वेगळे बोलायला नको.

गेटकडे जाणारी तार

वॉचमनच्या केबिनपर्यंतची ऐंशी मीटरची नेटवर्क केबल ही या सोसायटीतली सर्वांत खर्चीक तार होती. इमारत एका शून्यावर, केबिन आपल्या छोट्या खड्ड्यामुळे दुसऱ्या शून्यावर आणि दोहोंमध्ये तांब्याच्या आठ बारीक तारा. नेटवर्क पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरचे विद्युतरोधन साधारण दीड हजार व्होल्टचे असते. टेकडीच्या पलीकडे पडलेली वीजही ते सहज ओलांडते. येथे दोन्ही टोकांना नेटवर्कचे सर्ज प्रोटेक्टर लावणे हा एक मार्ग आहे. मी मात्र तांबेच काढून टाकले आणि धातूचे चिलखत नसलेली फायबर केबल टाकली. काचेला शून्य-पातळीशी देणेघेणे नसते. फायबरमध्ये आधारासाठी पोलादी तार किंवा चिलखत असेल, तर इमारतीत शिरताना ते अर्थ बसला बांधावे लागते, नाहीतर पुढच्या दाराने काढलेले संकट मागच्या दाराने आत येते. केबिनला जाणारी २३० व्होल्टची केबल तांब्याचीच राहणार, त्यामुळे तिथे टाइप २ प्रोटेक्टर आणि त्याच केबलसोबत नेलेली अर्थतार, एवढे पुरे झाले.

छतावर सौर पॅनल असलेल्या सोसायट्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सौर यंत्रणेसोबत एसी, डीसी आणि तडितरक्षक असे तीन खड्डे येतात. अनेकदा ते तिन्ही जुन्या यंत्रणेपासून आणि एकमेकांपासूनही अलग ठेवलेले असतात. म्हणजे तीन शून्यांची सहा झाली.

पहिल्या पावसात जाणारी उच्चदाब केबल

ज्या सोसायट्यांचे स्वतःचे रोहित्र आहे आणि २२ केव्हीची भूमिगत केबल आहे, त्यांची तक्रार निराळी असते: 'वीज कडाडली आणि केबल गेली, दरवर्षी त्याच सुमारास जाते.' येथे विजेचा हात असतो, परंतु पुष्कळदा तो शेवटचा धक्का देणारा असतो. रस्ताखोदाईत जेसीबीच्या दातांनी केबलचे बाहेरचे आवरण महिन्यांपूर्वीच सोललेले असते आणि कोरड्या जमिनीत त्याचा पत्ता लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी त्यातून आत शिरते, चिलखताच्या तारा गंजतात, एक्सएलपीईमध्ये (केबलच्या प्लास्टिकच्या विद्युतरोधक थरात) ओलाव्याच्या बारीक शाखा वाढू लागतात आणि घाईत केलेला जॉइंट पाणी पितो. त्याच दिवसांत ओव्हरहेड लाइनवरून लाट येते. ही लाट केबलमध्ये शिरताना लहान होते, कारण लाइनचा लाट-रोध (धावत्या लाटेला होणारा विरोध) काही शे ओहम असतो, तर केबलचा त्याच्या साधारण एकदशांश. पण पलीकडचे टोक रोहित्राचे किंवा उघड्या स्विचचे असेल, तर तेथून ती परतते आणि वाढते. नव्या केबलला हे पेलते, पाणी प्यालेल्या केबलला पेलत नाही.

म्हणून फॉल्ट दुरुस्त करून गप्प बसू नये. बाहेरच्या आवरणाची चाचणी घ्यावी, म्हणजे चिलखत आणि जमीन यांच्यामध्ये मेगर (विद्युतरोधन मोजणारा मीटर) लावून पाहावे. तिथे रीडिंग पडलेले असेल, तर पुढच्या वर्षीचा फॉल्ट आजच कळतो. जुन्या एक्सएलपीई केबलवर उच्च डीसी व्होल्टेजची चाचणी घेऊ नये, तिने केबल पारखली जाण्याऐवजी दुबळी होते, ०.१ हर्ट्झची संथ एसी चाचणी त्यासाठीच आहे. थंपरचे (दोषाची जागा आवाजाने दाखवणाऱ्या यंत्राचे) उच्च व्होल्टेजचे धक्केही मोजकेच द्यावेत, टीडीआरने (स्पंद परतण्याच्या वेळेवरून अंतर सांगणाऱ्या यंत्राने) आधी अंतर काढून घ्यावे. आणि खांबावर लाइन केबलला मिळते, तेथे अरेस्टर (उच्चदाब लाइनचे सर्ज प्रोटेक्टर) आहेत का, त्यांची अर्थतार आखूड आहे का आणि केबलचे चिलखत त्याच अर्थतारेला खांबाच्या माथ्यावरच जोडलेले आहे का, हे खालून दुर्बिणीने पाहावे. अरेस्टरची अर्थतार खांबाच्या तळापर्यंत एकटीच उतरत असेल आणि चिलखत दुसरीकडे जोडलेले असेल, तर वर मीटर रूममध्ये पाहिलेलीच लांब तारेची चूक इथे दहा मीटरची होते. खांबावरचे काम अर्थातच महावितरणकडे अर्ज करूनच होते. स्वतःच्या वायरमनला शिडी लावून वर पाठवू नये.

धायरीच्या सोसायटीत बांधणी आणि प्रोटेक्टरचे काम ऑगस्टमध्ये पूर्ण झाले. परतीच्या पावसात चार संध्याकाळी चांगलाच कडकडाट झाला, त्यातली एक वीज 'बी' इमारतीच्या तडितरक्षकावर पडल्याचे तीन घरांतल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. लिफ्ट चालू राहिली, डीव्हीआर चालू राहिला. एक कॅमेरा मात्र गेला, मागच्या भिंतीवरचा. शोध घेतला, तेव्हा कळले, की तो सणासाठी म्हणून कोणीतरी शेजारच्या मंडपाच्या जोडणीवरून अडॅप्टर लावून चालवला होता आणि त्याची चित्राची तार मात्र आपल्या डीव्हीआरमध्ये आणली होती. डीव्हीआरचे ते एक पोर्टही गेले. नवा कॅमेरा आता सोसायटीच्याच पॅनलवर आहे, फायबर तिथपर्यंत अजून पोहोचायची आहे, आणि एप्रिलच्या मोजणीची तारीख सेक्रेटरींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.